आठवी पायरी

"सतराने भाग जातो," चाळणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली.

चित्रकार समोर उभा होता. तो आपल्या चित्राचं कौतुक ऐकायला आला होता, त्यामुळे त्याला काही उमगेना.

"कशाला भाग जातो?"

"तुमच्या सगळ्यात वरच्या पायरीला."

टेबलावर रंगीत पान पसरलं होतं. पानभर एक जिना, जिन्याच्या टोकाला चवड्यांवर उभी राहून खिडकीला हात लावणारी मुलगी, आणि प्रत्येक पायरीवर एक संख्या. सगळ्यात खाली ३१. तिच्यावर ३३१. मग ३३३१. पायरीगणिक एक तीन वाढत जाई आणि अगदी वर, मुलीच्या पायाखाली, ३३३३३३३३१. चित्राखाली ठळक अक्षरांत मजकूर होता: 'या पायऱ्यांवरची प्रत्येक संख्या मूळ आहे. एक आणि ती स्वतः, यांच्याखेरीज तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. आहे ना गंमत? आता पुढची पायरी तुम्ही बांधा.'

शाळेची पुस्तकं तयार करणाऱ्या त्या कार्यालयात गणिताचं कुठलंही पान बाईंच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. मूळ संख्या शोधण्याची चाळणी असते, एकेका संख्येच्या पटीतले आकडे गाळत जायचे आणि उरतील ते घ्यायचे. बाई पानांचं तसंच करत. कोणी तरी कधी तरी त्यांना चाळणीबाई म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बाईंना ते माहीत होतं. त्यांना राग नव्हता. चाळणी हे काही वाईट भांडं नाही.

"पण हस्तलिखितात सात पायऱ्या होत्या," त्या म्हणाल्या. "त्या सातही मी तपासल्या होत्या. ही आठवी कुठून आली?"

"अहो, सात पायऱ्यांवर मुलीचा हात खिडकीला पोचेना." चित्रकाराने बोटाने दाखवलं. "मान लांब केली तर जिराफ दिसायला लागली. म्हणून एक पायरी वाढवली."

"आणि आकडा?"

"त्यात काय एवढं? एक तीन वाढवला. सरळ तर चाललंय सगळं."

"कोणाला विचारलं?"

"आपल्या अध्यक्षांना, सरांना दाखवलं की. सर म्हणाले, छान." मग त्याने डोकं खाजवलं. "बाई, तेहेतीस कोटी म्हटल्यावर हात जोडायचे असतात. तुम्ही भागायला काय बसलात?"

बाईंना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन परत गेलं. त्यांनी कागदाचा तुकडा त्याच्याकडे सरकवला.

आकडा दिसायला मोठा सज्जन होता. शेवटी एक, म्हणजे दोनाने नाही आणि पाचाने नाही. अंकांची बेरीज पंचवीस, म्हणजे तिनाने नाही. साताने भागलं तर बाकी दोन, अकराने भागलं तर एक, तेराने भागलं तर सहा. इथवर आलं की माणूस दमतो आणि 'असेल मूळच' म्हणून मोकळा होतो. बाई दमल्या नव्हत्या. तेरानंतरची मूळ संख्या सतरा. त्यांनी भागाकार मांडला. वरून एकेक तीन उतरत गेला आणि प्रत्येक वेळी काही तरी बाकी उरत गेली. शेवटी एकटा एक खाली आला, एक्कावन्न झाले. सतरा त्रिक एक्कावन्न. खाली शून्य.

चित्रकाराने ते शून्य बराच वेळ पाहिलं.

"तेराच्या पुढे एकाच पावलावर होतं की हो," तो म्हणाला.

"तेच तर."

"मी वरच्या पायरीवरचा आकडा पुसून टाकतो. नुसती पायरी राहू दे. मुलगी काही पडत नाही."

"पुसा लगेच."

"पण बाई," तो जरा चाचरला, "ते पान छापून झालंय. रंगीत पानांना मशीन आधी मिळालं. तुमच्याकडे आलंय ते फक्त सहीला."

बाई पान उचलून विभागप्रमुखांच्या खोलीकडे निघाल्या. आधी छापायचं आणि मग तपासायचं, ही पद्धत अलीकडे सुरू झाली होती. त्यांनी दोनदा विरोध केला होता आणि दोन्ही वेळा त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं.

विभागप्रमुख मॅडम वयाने बाईंपेक्षा बऱ्याच लहान. नोकरीला लागल्या तेव्हा तपासणीच्या खुणा बाईंनीच त्यांना शिकवल्या होत्या. त्याची आठवण मॅडम ठेवून होत्या, म्हणजे बाई आत आल्या की उठून खुर्ची पुढे करायच्या. काम मात्र खुर्चीपुरतंच व्हायचं.

"बसा ना बाई. पुढच्या आवृत्तीत नक्की दुरुस्त करू."

"पुढची आवृत्ती येईपर्यंत मुलांनी काय करायचं?"

"एका पानावरचा एक आकडा आहे हो."

"एक आकडा नाही, एक वाक्य आहे. प्रत्येक संख्या मूळ आहे, असं आपण छापलंय. ते खोटं आहे. आणि वर आणखी, अशीच पुढची पायरी बांधा म्हणून सांगितलंय. म्हणजे सात वेळा जमलं की आठव्यांदा बघायचं कारण नाही. गणिताच्या पुस्तकात हे शिकवायचं? मग उरलेलं पुस्तक कशाला हवं?"

"मी समजू शकते."

"मग शुद्धिपत्र घाला. एक चिठ्ठी चिकटवायची."

मॅडमनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सरांच्या पुस्तकात? बाई, जिन्याचं चित्र मुखपृष्ठावर आहे. समारंभात मागे लावायला त्याचाच पडदा केलाय. सरांचं हे शेवटचं पुस्तक. लोक म्हणतील, अध्यक्षांनाच मूळ संख्या कळत नाही." मग त्या गोड हसल्या. "तुम्ही सही करून टाका. आजवर तुम्ही कधी अडून बसला नाहीत."

बाईंनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. आजवर झालं तसंच पुढे होणार, हे मॅडमनी त्या चित्रकारासारखंच गृहीत धरलं होतं. एक तीन आणखी वाढवायचा, की झालं.

"आणि यंदा तर तुमचं नाव येतंय," मॅडम म्हणाल्या. "मी स्वतः मागे लागून ते मंजूर करून घेतलं. नावांचं पान अजून छापायचंय, आज-उद्या जाईल. तुम्ही निवृत्त व्हायच्या आधी एकदा तरी यावं, असं मला फार वाटत होतं."

हे खरं होतं. त्यामुळेच ते जास्त लागलं. इतकी वर्षं पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर लेखकांची, चित्रकारांची, अगदी कागद पुरवणाऱ्याचीही नावं असत, आणि तपासणीच्या पुढे नुसतं 'तपासणी विभाग' असे. विभाग म्हणजे बाई, एक टेबल आणि एक डुगडुगणारा पंखा. यंदा पहिल्यांदाच त्या ओळीत माणसाचं नाव येणार होतं.

"सरांना बोलावलंय उद्या," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्याशी बोला. कॉलेजातले तुमचेच सर आहेत."

घरी आई भिंग घेऊन खिडकीशी बसली होती. तिने जन्मभर एका कपड्यांच्या दुकानासाठी शिवणकाम केलं होतं. आता डोळे गेल्यासारखेच होते, पण भिंग हातात असलं की तिला आपण अजून कामाच्या आहोत असं वाटे.

"पान आलं का गं?" तिने विचारलं. हल्ली ती रोज हेच विचारायची.

"नाही अजून."

"नाव कसं लिहिणार आहेत? आधी तुझं, मग वडिलांचं?"

"आई, कदाचित नाव येणार नाही."

आईने भिंग मांडीवर ठेवलं. बाईंनी चहा टाकला आणि उकळेपर्यंत सगळं सांगितलं. जिना, मुलगी, आठवी पायरी, सतरा. आई ऐकत राहिली. तिला मूळ संख्या कळत नव्हत्या, पण मुलीचा आवाज कळत होता.

"त्यांनी तुला चूक कर म्हटलंय का?" तिने विचारलं.

"नाही. झालेल्या चुकीवर सही कर म्हटलंय."

"मग कर ना. एक आकडा गं. कोण बघायला बसलंय?"

बाईंनी गॅस बंद केला.

"तू म्हणतेस हे? एक काज वाकडं झालं तर अख्खी पट्टी उसवायचीस. आठवतंय ना? आम्ही जेवायला खोळंबून बसायचो."

"उसवायची," आई म्हणाली. "आणि मग त्या सरळ केलेल्या सदऱ्याच्या मानेला दुकानदाराच्या नावाची पट्टी मीच शिवायची. स्वतःच्या हाताने. किती पट्ट्या शिवल्या असतील, देव जाणे. माझं नाव एका कापडावर नाही." तिने हात पुढे केला आणि कप नेमका धरला. "म्हणून म्हणते. ताणू नकोस. येऊ दे तुझं नाव."

बाई तिच्या शेजारी बसल्या. दोघींनी चहा प्यायला. नंतर किती तरी वेळ आई भिंगाची कड पदराने पुसत होती, जशी काही तिला काचेतच काही तरी दिसायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर आले. म्हातारे झाले होते, पण कोट तोच होता आणि खडूच्या सवयीने दोन बोटं अजून जुळलेली असत. मॅडमनी आपली खोली त्यांना दिली आणि दार ओढून घेतलं. जाता जाता त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. तो बाईंना नको होता.

"ये गं," सर म्हणाले. "काय ऐकतोय मी? तू माझ्या पुस्तकात चुका काढतेस म्हणे."

"पुस्तकात नाही सर. एका पायरीत."

त्यांनी कागद पुढे ठेवला. सरांनी चष्मा चढवून भागाकार वरपासून खालपर्यंत पाहिला. शून्यावर त्यांचं बोट थांबलं. चूक आहे हे त्यांनी नाकारलं नाही. बाईंना तेवढी तरी आशा होती आणि ती फळली.

"बरोबर आहे तुझं. माझ्या नजरेतून सुटलं. चित्र छान दिसत होतं."

"सर, तुम्हाला आठवतं? कॉलेजात तुम्ही हेच आकडे फळ्यावर लिहिले होते. एकाखाली एक. सात लिहून झाल्यावर खडू खाली ठेवलात आणि विचारलंत, आता आठवी लिहू का? सगळा वर्ग लिहा म्हणाला. तुम्ही म्हणालात, सात साक्षीदार एकच बोलले म्हणून आठव्याला न विचारता सोडायचं नाही."

"मी म्हणालो होतो असं?" सरांना बरं वाटलं. ते क्षणभर हसलेही. मग चष्मा उतरवून म्हणाले, "तेव्हा वर्गात चाळीस मुलं होती गं. आता पुस्तक चाळीस लाखांकडे जातंय. एका आकड्यासाठी ते थांबवायचं?"

"चाळीस लाखांकडे जातंय म्हणूनच थांबवायचं. निदान एक चिठ्ठी. तुम्ही सांगितलंत तर मॅडम नाही म्हणणार नाहीत."

"मग वर्तमानपत्रवाले त्या चिठ्ठीवरच लिहितील. पुस्तकावर कोणी लिहिणार नाही." ते खिडकीबाहेर बघू लागले. "हे बघ, मुलांना आकड्यांची गोडी लागली, काम झालं. मुलं काही सतराने भागायला जाणार नाहीत."

बाईंचा आवाज होता तेवढाच राहिला.

"मी गेले होते, सर."

सरांनी मान वळवली.

"त्या दिवशी घरी जाऊन मी भागायला बसले. तिनाने, साताने, अकराने, तेराने. सतराला शून्य आलं तेव्हा मी आईला उठवून दाखवलं होतं. तिला काही कळलं नाही, पण ती म्हणाली, छान गोल आलाय. त्या शून्यापायी मी गणित घेतलं. त्या शून्यापायी या टेबलावर बसले. आणि तुम्ही म्हणता, मुलं जाणार नाहीत. कुठली मुलं? तुम्ही बघितलीत का त्यांना? दूर कुठे तरी एक मुलगी जाईलच भागायला. तिला शून्य येईल. मग ती पुस्तकात बघेल, आणि पुस्तकात लिहिलेलं असेल की ही संख्या मूळ आहे. ती पुस्तकाला खोटं म्हणणार नाही, सर. आपलंच चुकलं म्हणेल आणि शून्य पुसून टाकेल."

सरांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"पुढच्या आवृत्तीत बघू," ते अखेर म्हणाले. ते बाईंकडे बघत नव्हते. "तू आधी इतकी हट्टी नव्हतीस."

बाई उठल्या. बाहेर मॅडम नावांच्या पानाची प्रत घेऊनच उभ्या होत्या. छापखान्याचा माणूस ती न्यायला आला होता आणि भिंतीला टेकून सुपारी चघळत होता. प्रत काळ्या शाईत होती, साधी. मधल्या ओळीत लिहिलं होतं, 'गणित-तपासणी', दोन टिंबं, आणि त्यापुढे बाईंचं पूर्ण नाव. स्वतःचं नाव छापलेलं त्यांनी लग्नपत्रिकेवरसुद्धा पाहिलं नव्हतं, कारण तशी पत्रिका कधी निघालीच नव्हती. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. त्यांनी सवयीने ते तपासलं.

"झालं ना बोलणं?" मॅडमनी विचारलं. "मग सही करा, म्हणजे दोन्ही पानं जातील."

"त्या पानावर मी सही करणार नाही. आणि त्या पानाची तपासणी माझ्या नावावर छापायची नाही."

"बाई, राग समजतो मला. पण नाव आता काढायचं म्हणजे..."

"किती वेळ लागेल हो?" बाईंनी छापखान्याच्या माणसाला विचारलं.

त्याने सुपारी गालात सरकवली. "नाव ना? हे काय, आत्ता. चहा पिऊन होईस्तोवर काढून देतो."

"बघा," बाई मॅडमना म्हणाल्या. "माझं नाव काढायला मशीन थांबतं. आकडा काढायला थांबत नाही."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. आपल्या नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एक सरळ रेघ ओढली आणि समासात 'काढा'ची खूण केली, टोकाशी छोटा वळसा असलेली. मॅडमना ती खूण ओळखीची होती. हीच खूण बाईंनी त्यांना पहिल्या दिवशी शिकवली होती. रंगीत पानावर सही मॅडमनी स्वतःच केली.

चित्रकार जिन्यात भेटला. "मी पुसलं असतं हो," तो म्हणाला. "एका मिनिटाचं काम होतं."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुमची मुलगी छान आलीय. फक्त तिला जिथे उभं केलंत, तिथे पायरी नाही."

समारंभाला बाई गेल्या नाहीत. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. पुस्तक शाळांत गेलं, दुकानांत आलं. त्यांनी ते विकत आणलं, कारण आईने विचारायचं थांबवलं होतं आणि ते त्यांना विचारण्याहून जड जात होतं.

आई खिडकीशी होती. तिने पुस्तक हातात घेऊन आधी वास घेतला, मग शिवण चाचपली. "बांधणी बरी आहे," ती म्हणाली. "तो जिना दाखव."

बाईंनी पान उघडून दिलं. आईने भिंग खालच्या पायरीवर ठेवलं आणि हळूहळू वर नेलं. सगळ्यात वर पोचल्यावर ती थांबली.

"हाच का?"

"हाच."

"दिसतो तर अगदी इतरांसारखा."

"हो."

"मला तू दाखवला होतास ना एकदा? मध्यरात्री उठवून. गोल आला होता." आई स्वतःशीच हसली. बाईंना वाटलं होतं की ती ते विसरली असेल. मग ती म्हणाली, "आता नावांचं पान काढ."

"आई, त्यात काही नाहीये."

"काढ तर."

बाईंनी पान काढलं. आईचं भिंग ओळीवरून ओळीवर उतरू लागलं. अध्यक्ष, लेखक, चित्रं, मुखपृष्ठ. ती प्रत्येक नाव अर्धवट उच्चारत होती. मग भिंग अडलं. छापखान्यात नाव काढलं होतं, पण ओळ सरकवून घ्यायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. 'गणित-तपासणी', दोन टिंबं, आणि त्यापुढे एका पूर्ण नावाएवढा कोरा कागद.

"इथे काहीच नाही गं," आई म्हणाली.

"ती जागा माझी."

आईने मान हलवली. भिंग तिने उचललं नाही. डोळा काचेला आणखी जवळ नेला आणि त्या कोऱ्या जागेवरून डावीकडून उजवीकडे, एका नावाला लागतो तेवढा वेळ घेऊन, ती भिंग सरकवत गेली.